मेंदूची इजा आणि रहिवासाचा दाखला

पुण्याच्या दक्षिणेकडे बिबवेवाडीची वस्ती गेल्या अर्धशतकात टेकडीच्या अंगावर चढत गेली. खाली मार्केट यार्डाचा गजबजाट, पश्चिमेला सातारा रस्ता, चढावर अप्पर इंदिरानगर आणि त्याला लागून लोकांच्या तोंडी रुळलेले सुपर इंदिरानगर. या वस्त्यांतील अनेक कुटुंबे एक-दोन पिढ्यांपूर्वी सोलापूरकडून, मराठवाड्यातून पोट भरण्यासाठी पुण्यात आली. आज ती पुण्याची झाली आहेत. त्यांच्याजवळ शिधापत्रिका आहे, मतदारयादीत त्यांचे नाव आहे, निवडणुका जवळ आल्या की कार्यकर्ते त्यांना नावाने हाका मारतात. गंगाधाम चौकातून कोंढव्याच्या बाजूला वळले की उभ्या राहत असलेल्या उंच इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा दिसतात. तेथे बिहार, झारखंड, छत्तीसगड, बंगाल येथून आलेली माणसे राहतात. तीही पोट भरण्यासाठीच आली आहेत. त्यांना अद्याप पुण्याचे व्हायला सवड मिळालेली नाही, एवढाच फरक.

समजा, एकाच सकाळी या परिसरातील तिशीच्या दोन माणसांच्या डोक्याला जबर मार लागला. पहिला अप्पर इंदिरानगरचा. आईमाता मंदिराच्या उतारावर त्याची दुचाकी घसरली आणि शिरस्त्राण घरी खुंटीला होते. दुसरा कटिहारकडचा. तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आला आणि त्याचे शिरस्त्राण मुकादमाच्या हिशेबवहीतच होते. दोघांची इजा सारखी, वय सारखे, प्रकृती धडधाकट. सहा महिन्यांनी यांतला कोण चालत-बोलत असेल? हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. परंतु त्याच्या उत्तराचा बराच मोठा भाग रुग्णालयाच्या बाहेर लिहिला जातो. तो कोठे लिहिला जातो हे पाहण्याची तसदी आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही.

मेंदूच्या इजेचा स्वभाव प्रथम ध्यानात घ्यायला हवा. आघाताच्या क्षणी मेंदूचे जे नुकसान व्हायचे ते होऊन जाते. त्यावर कोणत्याही शल्यविशारदाकडे इलाज नाही. इलाज आहे तो त्यानंतर होणाऱ्या दुसऱ्या नुकसानावर. रक्तस्रावाने कवटीच्या आत दाब वाढतो, श्वास अडून प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब घसरतो आणि जिवंत राहिलेला मेंदूही उपासमारीने मरू लागतो. अमेरिकेतील गंभीर इजेच्या रुग्णांच्या नोंदी तपासून १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले, की रक्तदाब नव्वदच्या खाली गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. अतिदक्षता विभाग करतो ते एवढेच: श्वास चालू ठेवतो, रक्तदाब सांभाळतो, कवटीतील दाबावर नजर ठेवतो आणि मेंदूला सावरायला वेळ मिळवून देतो. यंत्राला रुग्णाचा जिल्हा कळत नाही. एकदा खाटेवर घेतल्यावर परिचारिकाही भेद करीत नाहीत. सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांनी अनोळखी माणसांची जी सेवा आजवर केली आहे तिचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही. तेव्हा स्थानिक आणि परका यांच्यातील अंतर अतिदक्षता विभागाच्या चार भिंतींत शोधणे व्यर्थ आहे. ते दाराच्या अलीकडे आणि पलीकडे पसरलेले आहे.

दाराच्या अलीकडे पहिला शत्रू म्हणजे काळ. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्या दरम्यान रक्त साठण्याचा एक प्रकार असतो. त्यात रुग्ण क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, पाणी पितो, बोलतो; आणि काही तासांनी पुन्हा कोसळतो. हे रक्त वेळेत काढले तर माणूस पुष्कळदा पूर्ण बरा होतो, म्हणूनच असा मृत्यू सर्वांत अधिक चुटपुट लावणारा. ज्याच्या घरी आई किंवा बायको असते त्याला कोणीतरी विचारते, ‘एवढा का झोपतोयस?’ शेजारचा रिक्षावाला हाकेच्या अंतरावर असतो. पत्र्याच्या खोलीत आठ माणसे निजतात. पडलेल्याला ‘आराम कर’ सांगून सात जण पाळीवर निघून जातात. मुकादमाला पोलिसांची भीती, ठेकेदाराला काम बंद पडण्याची. म्हणून पहिली धाव जवळच्या छोट्या दवाखान्याकडे होते, तेथे टाके पडतात, इंजेक्शन दिले जाते आणि मौल्यवान तास निघून जातात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे आणि ती कोणाकडे कागद मागत नाही. पण तिला बोलवायचे कोणी, हा निर्णय साइटवर मजुराच्या हाती नसतो.

दुसरा अडसर भाषेचा, आणि तो वाटतो त्याहून सूक्ष्म आहे. मेंदूच्या इजेची तीव्रता जगभर ज्या मापाने मोजतात ते माप ग्लासगो येथील टीझडेल आणि जेनेट या दोघा शल्यवैद्यांनी १९७४ साली तयार केले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींचे गुण मिळून किमान ३, कमाल १५. ८ किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर. रुग्ण सुसंगत बोलला तर ५ गुण, गोंधळून बोलला तर ४, असंबद्ध शब्द उच्चारले तर ३, नुसता अर्थहीन आवाज काढला तर २. आता संताळी किंवा अंगिका बोलणाऱ्या मजुराला पहाटे तीन वाजता निवासी डॉक्टर मराठी-हिंदीत तारीख विचारतो आणि तो स्वतःच्या बोलीत आईला हाक मारतो. ते गोंधळलेले बोलणे की अर्थहीन आवाज? ‘हात वर करा’ ही आज्ञाही भाषेतच दिलेली असते. गुण दोनने कमी पडले तर गंभीर समजून त्याच्यावर अधिक उपचार होतील, एवढेच होते असे नाही; गर्दीच्या रात्री जेथे एकच यंत्र मोकळे असते तेथे ‘याचे काही खरे नाही’ असा निष्कर्षही त्याच गुणांवरून काढला जाऊ शकतो. आणि पुढे प्रकृती खालावते आहे की सुधारते आहे हे तासातासाला त्याच गुणांनी ठरते. साध्या उपायाने ही चूक टळते: सोबत आलेल्या मजुराला बाहेर न घालवता खाटेपाशी उभे करणे. आपल्याकडे नेमके उलट होते. ‘नातेवाईक कोण?’ असे विचारले जाते, आणि तो नातेवाईक नसतो.

तिसरा अडसर कागदांचा. येथे राज्यकर्त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली, पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि आता तिचे छत्र राज्यातील सर्व कुटुंबांवर, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत धरले गेले आहे. मात्र राज्यातील कुटुंब म्हणजे राज्याची शिधापत्रिका किंवा रहिवासाचा दाखला असलेले कुटुंब. पुणे महानगरपालिकेची शहरी गरिबांसाठीची योजना शहरातील रहिवासाचा पुरावा मागते. केंद्राचे आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते, परंतु ते मजुराच्या गावी पेटीत असते, किंवा अजून निघालेलेच नसते.

आता गंमत अशी, की रस्त्यावरील अपघाताच्या बाबतीत याच राज्याने आणि याच देशाने हा रहिवासाचा प्रश्न बाजूला सारून दाखवला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली रस्ते अपघातातील जखमींसाठी जी योजना मंजूर केली ती राज्याच्या हद्दीत जखमी होणाऱ्या प्रत्येकासाठी होती, मग तो कोणत्याही राज्याचा वा देशाचा असो. केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातील कोणाही जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातील कटिहारचा मजूर परांचीवरून न पडता आईमाता मंदिराच्या उतारावर ट्रकखाली आला असता, तर त्याला कोणी रहिवास विचारला नसता! त्याच बिबवेवाडीत, त्याच सकाळी, त्याच कवटीला पडलेली तीच भेग. पण चाकाने पडली तर ती राष्ट्राची जबाबदारी आणि उंचीवरून पडल्याने पडली तर ठेकेदाराची मर्जी. हा भेद कोणी दुष्टपणाने केलेला नाही. मोटारींवर कर आणि विमा आहे, रस्त्यावरच्या मृत्यूंची गणती दरवर्षी प्रसिद्ध होते, त्यावर ओरड होते, आणि ओरड झाली की योजना निघते. परांचीला विम्याचे बिल्ले नसतात.

तसे पाहता परांचीवरच्या माणसासाठी कायदे थोडे नाहीत. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. बांधकाम कामगारांचा १९९६ चा. आणि हे दोन्ही ज्यांत विलीन झाले त्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. राज्य कामगार विमा योजनेचे दार बांधकामावरील मजुरांसाठी १ ऑगस्ट २०१५ पासून उघडले आहे. या योजनेचे रुग्णालय तर खुद्द बिबवेवाडीत आहे. टेकडीवरच्या इमारतींपासून ते रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर. मजुराची नोंद झालेली असली तर उपचाराचा भार योजनेवर पडतो आणि कामावर असताना अपंगत्व आल्यास वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के भत्ता मिळतो. नोंद झालेली नसली तर ते रुग्णालय त्याला शेजारच्या बंगल्याइतकेच परके. नोंद कोणी करायची? ठेकेदाराने, ज्याला प्रत्येक नोंदीमागे पैसे भरावे लागतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे चालू नोंदणी असलेल्या मजुराला महात्मा फुले योजनेतही स्थान आहे. त्यासाठी मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाराही बहुधा तोच.

स्थानिक करदात्याची एक तक्रार येथे ऐकू येते, आणि ती धुडकावून लावण्यासारखी नाही. ससूनच्या खाटा आधीच अपुऱ्या, खाजगी रुग्णालये आवाक्याबाहेर, मग आमच्या माणसाला यंत्र मिळण्याआधी ते बाहेरच्याला का? २०२० च्या साथीत पुण्यातील स्थानिक माणसेही खाटेअभावी मेली, ती आठवण अजून ताजी आहे. या तक्रारीचे उत्तर भूतदयेने देण्याची गरज नाही. ते हिशेबाने देता येते. प्रत्येक बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी वसूल केला जातो. देशभरातील मंडळांनी असे ३७ हजार ४०० कोटींहून अधिक रुपये जमवले आणि त्यांतले जेमतेम ९ हजार ५०० कोटी खर्च केले, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. म्हणजे बिबवेवाडीच्या टेकडीवर जी इमारत उभी राहते तिच्या किमतीत त्या मजुराच्या खाटेचे पैसे आधीच धरलेले असतात. ते भरून झाले आहेत. ते रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत, इतकेच.

तातडीच्या उपचारांचा हक्कही न्यायालयाने पूर्वीच मान्य केला आहे, आणि योगायोग असा की तो खटला डोक्याच्या इजेचाच होता. १९९२ च्या जुलैत बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. त्याच्या डोक्याला मार लागला होता. कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी कोठे खाट नाही म्हणून, कोठे सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी पदरचे पैसे मोडून त्याने खाजगी रुग्णालयात उपचार घेतले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही राज्याची सबब होऊ शकत नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. या निर्णयाला आता तीन दशके झाली.

परक्या रुग्णाला सामावून घेण्याचा अनुभव जगात इतरत्रही आहे आणि त्यातून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. सीरियात २०११ साली यादवी पेटल्यावर तुर्कस्तानात लक्षावधी निर्वासित आले. त्यांची संख्या एका टप्प्यावर पस्तीस लाखांच्या पुढे गेली. २०१४ च्या नियमावलीने तेथील सरकारने त्यांना तात्पुरते संरक्षण दिले आणि नोंद केलेल्यांना सरकारी रुग्णालये खुली केली. सीमेलगतच्या किलिस, गाझिआन्तेप, हताय या प्रांतांतील अतिदक्षता विभागांत गोळीबाराने, बॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झालेले तरुण सीरियन आणि रस्त्यावर वा जिन्यावरून पडलेले वृद्ध तुर्की शेजारी-शेजारी आले. अशा दोन गटांच्या मृत्यूंची नुसती टक्केवारी मांडली तर ती फसवी ठरते. तरुण मेंदू वृद्ध मेंदूपेक्षा अधिक सावरतो. बंदुकीच्या गोळीची जखम पडल्याच्या जखमेहून निराळी असते. आणि सीमा ओलांडून रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचलेला माणूस हा पहिल्या भयंकर तासांतून आधीच वाचलेला असतो. जे वाटेतच मेले ते रुग्णालयाच्या नोंदवहीत येत नाहीत. दोन गटांचे आकडे सारखे निघाले म्हणून दोघांना सारखी वागणूक मिळाली असे सिद्ध होत नाही.

पुण्यातही उद्या कोणी स्थानिक आणि परप्रांतीय रुग्णांचे आकडे मांडले तर हाच सापळा पुढे असेल. परप्रांतीय मजूर बहुधा तरुण; त्यामुळे तो अधिक वाचल्यासारखा दिसेल. साइटवरच गतप्राण झालेला थेट शवविच्छेदनगृहात जाईल. बालेवाडीत जुलै २०१६ मध्ये तेराव्या मजल्याच्या कामावरून कोसळून मेलेल्या नऊ मजुरांना कोणत्याही अतिदक्षता विभागाने पाहिले नाही. बिबवेवाडीला लागून असलेल्या कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि पंधरा माणसे, त्यांत लहान मुलेही, झोपेत गाडली गेली. तीन दिवसांत आंबेगावात तशाच भिंतीखाली आणखी सहा जण. यांतले कोणी उपचारांच्या आकड्यांत येत नाही.

आकड्यांतून निसटणारा आणखी एक वर्ग आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. खाजगी रुग्णालयात चौथ्या-पाचव्या दिवशी बिल डोळ्यांसमोर येते. गावाकडून भाऊ पोहोचलेला असतो. तो डॉक्टरांना विचारतो, वाचेल का? डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, सांगता येत नाही. मग एका छापील कागदावर सही होते, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर’, आणि नळ्यांसह रुग्ण भाड्याच्या गाडीतून निघतो. तो वाटेत मेला काय, घरी जाऊन मेला काय, रुग्णालयाच्या वहीत तो ‘घरी गेला’ या रकान्यात राहतो. स्थानिक माणसांवरही ही वेळ येते. परंतु अप्पर इंदिरानगरच्या माणसाला निदान ससूनपर्यंतचे काही किलोमीटर जायचे असतात, आणि तेथे रदबदली करणारा कोणी ना कोणी ओळखीचा असतो. दुसऱ्याला दीड हजारांहून अधिक किलोमीटर जायचे असतात.

जे वाचतात त्यांची खरी परीक्षा दाराच्या पलीकडे सुरू होते. मेंदूची इजा ही हाड मोडण्यासारखी नसते. घशाच्या छिद्रातली नळी स्वच्छ ठेवणे, नाकातल्या नळीने भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, हातापायांचे व्यायाम, विसरलेले शब्द पुन्हा शिकवणे हे महिनोन्‌महिने चालते. आपल्या रुग्णव्यवस्थेत हे काम करणारा कर्मचारी कोण? रुग्णाचा नातेवाईक. रक्त आणायला धावणारा तो, तपासणीची नळी प्रयोगशाळेत पोहोचवणारा तो, अंग पुसणारा तो. आपल्याकडील उपचार त्याच्या फुकट श्रमांवर उभे आहेत, इतके की तो नसेल तर काय याचा विचारच व्यवस्थेने केलेला नाही. अप्पर इंदिरानगरच्या दोन खोल्यांत आई असते, बहीण येऊन राहते, शेजारीण दुपारी बसते; त्या बायकांच्या हातांनी तो माणूस उभा राहतो आणि त्यापायी त्यांच्या धुण्याभांड्याची कामे सुटतात, हेही कोठे नोंदले जात नाही. मजुराचा भाऊ आपली रोजी बुडवून किती दिवस राहणार? पुणे–दानापूर गाडीच्या साध्या डब्यात अर्धवट शुद्धीतल्या माणसाला टेकवून तो गावी नेतो. तेथे जवळपास व्यायामोपचारतज्ज्ञ नसतो. पाठीला जखमा होतात. जंतुसंसर्ग होतो.

१९७५ साली ग्लासगोहूनच आलेल्या आणखी एका मापाने इजेचा शेवट पाच पायऱ्यांत मोजला जातो: मृत्यू, निश्चेष्ट जगणे, गंभीर अपंगत्व, मध्यम अपंगत्व, चांगली सुधारणा. हे माप बहुधा सहा महिन्यांनी लावायचे असते. आपल्याकडे ते प्रामुख्याने संशोधनाच्या प्रबंधांत लावले जाते. एरवी हिशेब रुग्ण दारातून बाहेर पडला त्या दिवशी मिटतो. रस्त्यांबाबत आपल्याला ठाऊक आहे की २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे अपघातांत मेली आणि शिरस्त्राण न घातलेल्या दुचाकीस्वार व त्यांच्या मागे बसलेल्यांची संख्या त्यांत ५० हजार २९ होती. हे ठाऊक असूनही २०१९ च्या जानेवारीत पुण्यात सक्ती सुरू होताच तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले, हा पुण्याचा खास अभिमान. परंतु त्या वादात निदान आकडे तरी होते. उंचावरून पडलेल्यांतले मजूर किती, बाहेरून आलेले किती, वाचलेल्यांपैकी कामावर परतलेले किती, यांचे उत्तर देईल अशी वही नाही.

ती ठेवणे अवघड नाही आणि खर्चिकही नाही. रुग्णाची बोली कोणती, तो पडला त्या वेळेपासून दारात येईपर्यंत किती तास गेले, गाडीने आणला की रुग्णवाहिकेने, आणि सहा महिन्यांनी कसा आहे, एवढे चार रकाने पुरेत. पहिले तीन भरायला एक मिनिट लागते. चौथ्यासाठी एक दूरध्वनी लागतो, आणि तो कोणाला करायचा हा प्रश्न येतो. मजुराच्या केसपेपरवर पत्ता म्हणून इमारतीचे नाव असते आणि क्रमांक मुकादमाचा. इमारत पुरी झाली की पत्र्याच्या खोल्या उचलून दुसऱ्या टेकडीवर नेल्या जातात, मुकादम नवे सिमकार्ड घेतो, आणि त्या जागी मोटारी उभ्या करण्याचे पट्टे आखले जातात.